जकातीची चरवी

आमच्या माळ्यावर एक पितळी चरवी आहे. कल्हई कधीच उडून गेली, काठाला एका बाजूनं चांगला अंगठाभर पोचा आलाय, आणि आत काही ठेवावं अशी ती आता राहिलेली नाही. तरी दर दिवाळीच्या साफसफाईत ती खाली येते, चिंच लावून घासली जाते, उन्हात पालथी पडते आणि संध्याकाळी पुन्हा वर जाते. मोडीत का घालत नाही म्हणून विचारलं, की आई म्हणते, ‘आरं, ती जकातीची चरवी हाय.’

गोष्ट आज्जीची. तिचं माहेर कळंब्याच्या पलीकडं, सासर कोल्हापुरात मंगळवार पेठेत. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं, त्यानंतर दीड-दोन वर्षांनी माझे वडील माहेरच्या घरी जन्मले. सहा महिन्यांचं बाळ घेऊन आज्जी बैलगाडीतून सासरी निघाली. माहेराहून लेक निघाली म्हणजे गाडीत काय नसेल? तांदूळ, शेंगा, मेतकूट, काकवीचा डबा, गुळाचा एक अख्खा रवा, आणि तिच्या आईनं महिनाभर लोणी साठवून कढवलेलं चरवीभर तूप. शहराच्या वेशीवर जकात नाका. तिथला कारकून लोखंडी सळई पोत्यात खुपसून बघायचा. आज्जीनं चरवीच्या तोंडाला फडकं बांधलं, ती वाकळेत गुंडाळली, वर वडिलांना निजवलं आणि पदर ओढून पाजायला बसली. कारकून भला माणूस. बाळंतिणीच्या वाकळेला सळई लावायची त्याची काय बिशाद! त्यानं गूळ लिहिला, शेंगा लिहिल्या, पावती फाडली. गाडी हलली आणि चाक दगडावरनं उतरलं. चरवी घरंगळून गाडीच्या साट्यावर ठाणकन् आपटली, वडील भोकाड पसरून उठले आणि त्या रडण्यात तो आवाज जिरून गेला. पोचा तो तेव्हाचा.

‘तुझा बाप तुपावर निजून कोल्हापुरात आला. म्हणून एवढा आंगानं,’ असं आज्जी हसत सांगायची. आजोबा गूळबाजारात अडत्याकडं हिशेबनीस होते, जमा-खर्चात मुरलेले. ते मान न वर करता म्हणायचे, ‘कारकुनाला ऐकू आलं होतं.’ यावरून त्यांचं दर वेळी वाजायचं. आमच्याकडं एक पुरवणी कथाही आहे. पुढच्या बाजाराला तो कारकून आजोबांना म्हणाला होता, ‘वैनींना विचारा, तूप सांडलं न्हाई न्हवं?’ मग आज्जीनं नाक्यावर तांब्याभर ताक धाडलं, वर लोण्याचा गोळा तरंगत ठेवून. मी लहानपणी ऐकलं तेव्हा लोणी लिंबाएवढं होतं. नंतर ते नारळाएवढं झालं.

मला हे सगळं २०१३ साली पुन्हा आठवायला लागलं. कारण तोच रस्ता, तीच वेस आणि तीच आज्जी.

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटरचे रस्ते खासगीकरणातून करायचे, ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर, असं ठरलं. खर्च २२० कोटी, आणि तो वसूल करायला तीस वर्षं टोल. कामं २००९ च्या सुमारास सुरू झाली. शहरात शिरायच्या वाटांवर नऊ नाके उभे राहिले: शिरोली, शिये, उचगाव, सरनोबतवाडी, शाहू नाका, आर. के. नगर, कळंबा, पुईखडी, फुलेवाडी. ही नावं तेव्हा शाळेतल्या पोरांनाही पाठ होती. म्हणजे कुठल्याही दिशेनं गावात या, वेशीवर खिशात हात घालायचा.

खरं सांगायचं तर सुरुवातीला आमच्या घरी कुणाचा विरोध नव्हता. आमच्या पेठेतल्या खड्ड्यांना तालमीतल्या पोरांनी नावं ठेवली होती. वडील दर पावसाळ्यात एकदा तरी स्कूटरवरून पडायचे. रस्ते होणार म्हटल्यावर बरंच वाटलं. मग खोदाई सुरू झाली आणि संपेना. एका जागी गुळगुळीत काँक्रीट, पुढं दोनशे पावलांवर जुनाच रस्ता. कुठं गटार अर्धं, कुठं फुटपाथचा पत्ता नाही. त्यात टेंबलाईवाडीची मोठी जागा रस्ते करणाऱ्या कंपनीला ९९ वर्षांच्या करारानं नाममात्र भाड्यानं दिली गेल्याचं लोकांना कळलं, आणि चहाच्या गाड्यावरची भाषाच बदलली. जागा आमची, रस्ता आमचा, खड्डेसुद्धा आमचेच, मग टोल कशाचा?

आज्जीला मात्र जागा आणि गटार यांत रस नव्हता. तिनं एकच विचारलं.

‘किती वर्सं म्हणालास?’

‘तीस.’

तिनं बोटांची पेरं मोजली. शेजारी माझा मुलगा चिरमुरे खात बसला होता, आठ वर्षांचा. ‘म्हंजे ह्येचं लगीन हुईल, ह्येला पोरगं हुईल, ते शाळंला जाईल, तरी द्यायचंच?’ आणि मग जरा थांबून, ‘सावकार बरा म्हणायचा की रं.’

आमच्याकडं रस्ता म्हणजे काय असतं, हे नकाशा काढणाऱ्याला कळत नसावं. पेठेतल्या घरांची दारं थेट रस्त्यावर उघडतात. लग्नाचा मांडव रस्त्यावर, गणपती रस्त्यावर, तालमीच्या पोरांचा कट्टा रस्त्याकडेला. उन्हाळ्यात म्हातारी माणसं रात्री पायरीवर येऊन बसतात, आणि कुणाच्या घरी मटण शिजतंय ते रस्त्यावरून चालणाऱ्याला आधी कळतं. पाडव्याला तर म्हशींचा मान. शिंगं रंगवलेली, कपाळाला मोरपिसं, पायात चाळ. मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या मागं धावत. आम्ही पोरं दोन्ही बाजूंना उभे राहून ओरडत. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी येतात, डोळ्यांसमोर धार काढून पेलाभर फेसाळ दूध हातात देतात. आजोबा मला दर शनिवारी न्यायचे. त्यांच्या मिशीला फेस लागायचा आणि तो ते मुद्दाम पुसायचे नाहीत. (आता कोण न उकळता दूध पितं, असं आता घरात विचारतात. मी गप्प बसतो.) सांगायचा मुद्दा, रस्ता हे आमचं अंगण. अंगणात यायचे पैसे, ही कल्पनाच कुणाच्या गळी उतरेना.

कर नवा नव्हता, हेही तितकंच खरं. आजोबांना जुन्या मोडी कागदांचा नाद होता. मराठेशाहीत वाटेवर माल उतरवला तर थळमोड आणि भरला तर थळभरीत, हे शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकले. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात रस्त्यांवर आणि पुलांवर टोल घेण्याचा कायदा १८७५ सालीच केला होता. जकातीचा गाडा तर अगदी परवापरवापर्यंत चालू होता. तो बंद होतोय न होतोय तोवर टोल आला. तेव्हा आम्ही काही करच न भरणारी माणसं नव्हतो. मग पोटात दुखलं कुठं? ते मला आज्जीनं कळंब्याच्या नाक्यावर दाखवलं.

ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. नोव्हेंबरात गुऱ्हाळं पेटली, तसं आज्जीला माहेर आठवलं. वय अठ्ठ्याऐंशी, पण गुऱ्हाळाला जायचं म्हणजे जायचं. तिथं खाटेवर बसून तिनं भाच्याच्या पोरांना काहिलीतला रस कधी उतरवायचा यावर चार शब्द सुनावले, गरम गुळात शेंगदाणे घालून खाल्ले, उसाच्या रसाला ‘पूर्वीची गोडी न्हाई’ असं प्रमाणपत्र दिलं आणि तिसऱ्या दिवशी मी न्यायला गेलो तेव्हा मांडीवर काकवीचा डबा घेऊन गाडीत बसली.

नाक्यावर रांग. खिडकीत एक कोवळा पोरगा, ओठावर नुकतीच मिसरूड. बोलण्यावरून आमच्या भागातला वाटत नव्हता, लांबून पोटासाठी आलेला असावा. मी काच खाली केली.

‘कशाचं पैसं मागतोय?’ आज्जीनं मागून विचारलं.

‘टोल, आज्जी.’

‘काकवीचं?’

पोरगा गोंधळला. ‘नाही आज्जी, गाडीचे.’

‘गाडीत काय हाय, इचारलंस का?’

‘नाही.’

‘बघणार हाईस?’

‘नाही.’

आज्जी क्षणभर गप्प. मग माझ्याकडं वळून म्हणाली, ‘म्हंजे ह्यो मालावर घेत न्हाई. जाण्यावर घेतोय.’

मागून हॉर्न वाजत होते. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला होता. जकात मालावर होती. रिकाम्या हातानं माहेरी जाणाऱ्या बाईला नाका विचारत नव्हता. तिथं घासाघीस होती, लपवाछपवी होती, सळई होती, ताकाचा तांब्या होता, आणि गोळा झालेला पैसा निदान गावच्याच पालिकेत जात होता. इथं माणूस नुसता घरी निघाला तरी पैसे, आणि ते कुणाच्या खात्यात जातात ते पोराला ठाऊक नाही, मलाही नाही.

‘जेवलास का रं?’ आज्जीनं त्याला विचारलं. तो हसला, ड्युटी संपल्यावर म्हणाला. तिनं पिशवीतून गुळाचा खडा काढून त्याला दिला. त्यानं तो घेतला आणि टोलही घेतला. पावतीचा गुळगुळीत कागद बाहेर आला, तो आज्जीनं माझ्या हातातून घेऊन चंचीत सुपारीशेजारी ठेवला. घरापर्यंत पुन्हा बोलली नाही. पायरी चढताना एवढंच, ‘सासरी यायचं पैसं पडलं आज.’

तोवर गाव उठलेलंच होतं. सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समितीच्या मागं दोन म्हातारे उभे होते, एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे. एन. डी. सर १९२९ चे, म्हणजे आज्जीपेक्षा चारच वर्षांनी लहान. पायानं अधू झालेले, पण मोर्चात पुढं. ‘देणार नाही, देणार नाही, टोल आम्ही देणार नाही’ ही घोषणा तर इतकी अंगात भिनली होती, की माझा मुलगा आंघोळीला हाक मारली तरी त्याच चालीवर ‘जाणार नाही’ म्हणायचा. वडिलांनी आयुष्यात कधी मोर्चा पाहिला नव्हता. बासष्ट वर्षांचा तो सेवानिवृत्त गणिताचा मास्तर कलेक्टर कचेरीवरच्या मोर्चात डोक्याला रुमाल बांधून गेला आणि घसा बसवून परत आला. आईनं हळद घातलेलं दूध दिलं. ‘किती माणसं होती?’ मी विचारलं. ‘मोजायला घेतली होती,’ ते म्हणाले, ‘मग घोषणा द्यायच्या राहायला लागल्या, म्हणून सोडून दिलं.’

आज्जीला हे नवलाचं नव्हतं. मोर्चा म्हटलं की ती डांबराची गोष्ट काढायची. शिवाजी चौकात पूर्वी विल्सन नावाच्या गव्हर्नरचा पुतळा होता. १९४२ साली भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी त्या पुतळ्यावर डांबर ओतलं. आज्जी तेव्हा सतरा वर्षांची, नुकतीच लग्न होऊन पेठेत आलेली. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं का? लहानपणी ती सांगायची, पाहिलं. मी कॉलेजात गेल्यावर खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, ‘पुतळा काळा झाल्याला बघितला.’ शेवटी शेवटी सांगायची, ‘सासूनं दार लावून घेतल्यालं, नुस्ता गलका ऐकला.’ मला तिन्ही गोष्टी प्रिय आहेत. एवढं खरं, की पुढच्या वर्षी तो पुतळा फुटला आणि १९४५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकारानं तिथं शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला, तो आजही आहे. ‘तवा डांबर बायकांनी ओतलं,’ आज्जी म्हणायची, ‘आता कंपनीनं ओतलंय. बघूया कुणाचं टिकतंय.’

जानेवारी २०१४ मध्ये उपोषण चालू होतं. मंत्री आले, टोल रद्द झाल्याचं सांगितलं, उपोषण सुटलं, आमच्या गल्लीत साखर वाटली. दुसऱ्या दिवशी रविवार. नाक्यांवर वसुली सुरूच आहे अशी बातमी आली आणि दुपारपर्यंत नाके पेटले. मी गच्चीवरून लांबचा धूर पाहिला. खाली तालमीची पोरं विजयी मुद्रेनं येत होती. आज्जीनं त्यांच्यातल्या एकाला, ज्याला तिनं मांडीवर खेळवलं होतं, हाक मारून बोलावलं. वाटलं, आता पाठ थोपटणार. तिनं विचारलं, ‘ते खिडकीतलं पोरगं कुठं गेलं?’ त्याला काय ठाऊक! ‘भाजलं न्हाई न्हवं?’ ती दोनतीनदा म्हणाली. मला त्या दिवसाबद्दल आजही एका बाजूनं बोलता येत नाही. दिलेला शब्द चोवीस तास टिकला नाही, याचा संताप मलाही होता. पण आगीला कंपनी कुठली आणि पोटासाठी आलेलं पोर कुठलं, ते कळत नाही.

पुढचं कोर्टकचेरीचं रहाटगाडगं थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीत हायकोर्टानं वसुली थांबवली, सुप्रीम कोर्टानं ती स्थगिती उठवली, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पोलीस बंदोबस्तात नाके पुन्हा सुरू झाले. लोक शेतांतल्या पाणंदींनी, कॉलन्यांच्या बोळांतून वाट काढायला लागले. कळंब्याकडच्या आज्जीच्या भाच्याच्या दारातून टेम्पो जायला लागले. त्याच्या बायकोनं वाळत घातलेल्या सांडग्यांवर धूळ बसायची आणि ती सरकार, कंपनी आणि टेम्पोवाला यांना एका दमात शिव्या घालायची. पाच मिनिटांच्या वाटेला अर्धा तास, पेट्रोल टोलपेक्षा जास्त. पण टोल नाही द्यायचा. माझ्या ओळखीचे एक निवृत्त अधिकारी, एरवी रुपयाला दोनदा मोजणारे, रोज असा वळसा घालून फिरायला जायचे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये सकाळी फिरून येताना पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. त्या दिवशी आमच्या पेठेत टोलचं नावही कुणी काढलं नाही. आज्जीनं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

वर्षअखेर, डिसेंबरात, राज्य सरकारनं कोल्हापूरचा टोल कायमचा रद्द केल्याचं जाहीर केलं. फटाके उडाले, पेढे आले. आज्जीनं पेढा तोंडात धरून विचारलं, ‘मग त्या कंपनीचं पैसं?’

मी सांगितलं, रस्त्यांचं मूल्यांकन होऊन सरकार भरपाई देणार आहे.

‘सरकार कुठनं देणार?’

वडील म्हणाले, ‘आपल्याच करातून.’

‘म्हंजे दिलंच की,’ आज्जी म्हणाली. आणि मग उरलेला अर्धा पेढा खाऊन, ‘असू दे. वेशीवर न्हाई मागत न्हवं कोण.’

२०१७ च्या श्रावणात आज्जी गेली. एन. डी. सर गेले जानेवारी २०२२ मध्ये. कळंब्याचा रस्ता मी अजून आठवड्यातून एकदा करतो; नाका होता तिथं गाडी आपोआप जराशी सावकाश होते. माझा मुलगा आता स्वतः गाडी चालवतो. त्याला विचारलं, इथं काय होतं आठवतं का? म्हणाला, गुळाचा खडा. तो त्या दिवशी गाडीत नव्हताच, पण मी काही बोललो नाही.

आज्जीचे दिवस झाल्यावर आईनं तिची ट्रंक उघडली. नऊवारी दोन, एक जुनी नथ, पंढरपूरचा बुक्का, आणि चंची. चंचीत सुपारीशेजारी टोलची पावती तशीच होती, पण अक्षरं सगळी उडालेली, दोन्ही बाजूंनी पांढरा कागद. ट्रंकेच्या तळाशी कापडात गुंडाळलेली दुसरी एक पावती निघाली. खरबरीत पिवळट कागद, जांभळ्या पेन्सिलीचं वळणदार अक्षर, १९५१ सालातली, जकात नाक्याची. गूळ रवा एक. शेंगा पायली दोन. आणि खाली, वेगळ्या ओळीत: तूप, शेर तीन. त्यापुढं आण्यांचा आकडा आणि कारकुनाची सही.

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. वडिलांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

आईनं कागद त्यांच्या हातातून घेतला, घडी घातली, पुन्हा कापडात गुंडाळला.

‘ती दुसऱ्या खेपंची आसंल,’ ती म्हणाली.